घरी बांधलेलं माझदा रोटरी इंजिन गार असताना लगेच सुरू होतं, गरम झाल्यावर नाही: निदान आणि दुरुस्ती

घरी रिबिल्ड केलेल्या १३बी इंजिनाबद्दल (माझदाचं पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर असलेलं इंजिन) सर्वाधिक येणारी तक्रार हीच आहे. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, रस्त्यावर छान ओढते, आयडलही स्थिर असतो. पेट्रोल भरायला थांबून किल्ली फिरवली की मात्र सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन फायर होत नाही. तासाभराने गार झाल्यावर पुन्हा मुकाट्याने सुरू. मग पंप बदलला जातो, कॉइल आणि सेन्सर बदलले जातात, शेवटी इंजिन उघडून नवा सील संच घातला जातो आणि काही दिवसांत तीच तक्रार परत येते.

ती परत येते, कारण तक्रारीचं मूळ सहसा सीलच्या नवेपणात नसतंच. सील ज्या पृष्ठभागांवर घासतात ते पृष्ठभाग आणि सीलच्या टोकांशी सोडलेली फट, या दोन गोष्टींत ते असतं. यातलं नेमकं काय बिघडलंय हे कॉम्प्रेशनचे सहा आकडे (दोन रोटर, प्रत्येकाचे तीन कप्पे) बऱ्यापैकी स्पष्ट सांगतात. ते सहा आकडे, गरम इंजिनावर घेतलेले, हातात येईपर्यंत इंजिन उघडू नका.

खालची माहिती १९८६ नंतरच्या १३बी इंजिनांना, म्हणजे एफसी आणि एफडी आरएक्स-७ ला आणि आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनाला लागू आहे. भारतात माझदाने या गाड्या अधिकृतपणे विकल्या नाहीत, त्यामुळे मराठी मालक प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आखातात आहेत. आखातातल्या उन्हाळ्यात ही तक्रार जास्त लवकर आणि जास्त जोरात दिसते.

तक्रार हीच आहे ना?

गाडी गरम आहे आणि सुरू होत नाही, त्याच अवस्थेत तपासा. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. लीडिंग प्लग काढा. तो कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. पंप, रिले, फ्यूज बघा आणि हा लेख बाजूला ठेवा. ओला असेल तर इंजिन फ्लड झालंय. पण फ्लड होणं हे कारण असेलच असं नाही. कॉम्प्रेशन कमी असलेलं इंजिन फायर होत नाही, इंजेक्टर मात्र पेट्रोल टाकतच राहतात, आणि ते पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. त्यामुळे होतं ते कॉम्प्रेशनही जातं.

मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून पाहा. लगेच सुरू झाली तर स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही ठीक आहेत. कमी पडतोय तो फिरण्याचा वेग. दुसरी खूण अशी: दोन्ही लीडिंग भोकांत ५ मिली इंजिन ऑइल टाका, प्लग लावा, सेल्फ मारा. निळा धूर काढत इंजिन उठलं तर हवा सीलजवळून निसटतेय हे जवळजवळ नक्की.

गळका इंजेक्टर हा एकच जवळचा तोतया. फ्यूएल रेलवर गेज लावून गरम इंजिन बंद करा. दाब काही मिनिटांतच पार खाली बसला आणि सेल्फ न मारताही लीडिंग प्लग ओला निघाला, तर आधी इंजेक्टर काढून तपासून घ्या.

गरम झाल्यावरच का?

इंजिन चालू असताना कप्प्यातला वायूचा दाब सीलच्या मागे शिरतो आणि त्यांना पृष्ठभागावर ढकलतो. सेल्फच्या वेगाला हा दाब नगण्य असतो. काम एकट्या स्प्रिंगवर येतं. म्हणून रस्त्यावर उत्तम ओढणारं इंजिन सेल्फवर मात्र हार मानतं, आणि "गाडीत ताकद आहे, म्हणजे कॉम्प्रेशन ठीकच असणार" हा तर्क रोटरीला लागू पडत नाही.

गार इंजिनात दाट ऑइल फटी बुजवतं. गरम झाल्यावर ते पाण्यासारखं पातळ होतं. शिवाय रोटर हाउसिंग (रोटरभोवतीचं कवच) अॅल्युमिनियमचं आणि रोटर बिडाचा. दोन्हींची रुंदी साधारण ८० मिमी. दोन्ही सारखेच ८० अंश सेल्सिअसने तापले असं धरलं तर हाउसिंग सुमारे ०.१५ मिमी रुंदावतं आणि रोटर सुमारे ०.०७ मिमी. म्हणजे रोटरच्या दोन बाजूंची मिळून मोकळीक ०.०७ ते ०.०८ मिमी वाढते, आणि ती भरून काढायला साइड सील (रोटरच्या बाजूवरची पट्टी) तेवढा जास्त बाहेर यावा लागतो. स्प्रिंग मेलेली असेल किंवा सील खाचेत अडकत असेल तर तो येत नाही. त्यात तापलेला सेल्फ हळू फिरतो, आणि हळू फिरणाऱ्या इंजिनात हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून गार आणि गरम यांतला फरक इतका तीव्र असतो.

आधी बाहेरची कामं

बॅटरी पूर्ण चार्ज करा. सेल्फ मारताना टर्मिनलवरचा व्होल्टेज १० च्या खाली जाऊ नये. त्याच वेळी इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यात मीटर लावा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची केबल खराब आहे. रिबिल्डनंतर रंगवलेल्या ब्लॉकवर रंगाच्या थरावरच अर्थिंग कसलेली सर्रास आढळते.

आरएक्स-८ च्या सुरुवातीच्या सालांतला सेल्फ कमी ताकदीचा होता. माझदाने पुढे जास्त वेगाने फिरवणारा दिला. तो बसवावाच. फक्त एवढं लक्षात ठेवा की वेगवान सेल्फ दमलेलं इंजिनही उठवतो. तक्रार जाते, दोष राहतो. म्हणून बदलण्याआधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे लिहून ठेवा.

आरएक्स-८ च्या चारही कॉइल तपासा. गरम झाल्यावर स्पार्क कमजोर होणं हा त्यांचा नेहमीचा दोष आहे. प्लग आपापल्या जागी आहेत का पाहा: आरएक्स-८ ला एनजीके आरई७सी-एल लीडिंगला आणि आरई९बी-टी ट्रेलिंगला. वायरींची अदलाबदल झालेलं इंजिनही गार असताना कसंबसं सुरू होतं. बॅटरी काढली असेल किंवा शाफ्ट सेन्सर हलवला असेल तर इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून ८ सेकंदांत २० वेळा ब्रेक पेडल दाबा, म्हणजे सेन्सरची जुनी नोंद पुसली जाते.

सेल्फ चांगला असूनही इंजिन जड फिरत असेल तर प्लग काढून पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने फिरवा. अडखळल्यासारखं वाटलं तर पुढच्या पुलीचा बोल्ट कसताना थ्रस्ट बेअरिंग जागेवरून सरकून चेमटलं असण्याची शक्यता आहे. शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे हलण्याची मोकळीक) ०.०४ ते ०.०७ मिमी हवा, ०.०९ ही मर्यादा. तो शून्याजवळ असेल तर पुढचं कव्हर उघडावंच लागेल, सेल्फ बदलून उपयोग नाही.

कॉम्प्रेशन कसं मोजायचं

पिस्टन इंजिनाचं साधं गेज तसंच लावलं तर ते फसवतं. त्यातला व्हॉल्व्ह तीन कप्प्यांपैकी सर्वोत्तम कप्प्याचा दाब धरून ठेवतो. दोन कप्पे मेलेले असले तरी सुई ७.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाखवू शकते. तिन्ही कप्पे वेगळे दाखवणारा आणि वेगही मोजणारा रोटरी टेस्टर भाड्याने किंवा उसना मिळाला तर उत्तम. नसेल तर साध्या गेजवर दोनदा मोजा: एकदा व्हॉल्व्हसह, म्हणजे सर्वोत्तम कप्पा कळतो; एकदा व्हॉल्व्हची पिन काढून, म्हणजे सुईच्या तीन उड्यांची तुलना करता येते. उड्यांचा आकडा अचूक नसतो, पण त्यांचा समसमानपणा खरा असतो.

इंजिन पूर्ण तापवा, बंद करा, आणि गार होऊ न देता मोजा. पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही तोडा. आरएक्स-८ वर शाफ्ट सेन्सरचा कनेक्टर काढला की दोन्ही बंद होतात. एफसी-एफडीवर क्रँक अँगल सेन्सरचा कनेक्टर आणि पंपाचा फ्यूज काढा. प्रत्येक रोटरचा ट्रेलिंग प्लग काढा, ज्याचं माप घ्यायचं त्या भोकात गेज लावा. थ्रॉटल पूर्ण उघडा. हे विसरलं तर सगळे आकडे खोटे कमी येतात. ५ ते ७ सेकंद सेल्फ मारा आणि गेजचा व्हिडिओ घ्या.

वेग त्याच व्हिडिओतून काढता येतो. शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटर एक फेरी घेतो आणि त्याला तीन कप्पे आहेत. म्हणजे शाफ्टच्या एका फेरीला सुईची एक उडी. ५ सेकंदांतल्या उड्या मोजून १२ ने गुणा. २५० आरपीएमला ५ सेकंदांत सुमारे २१ उड्या येतात. १६ च आल्या तर वेग १९० च्या आसपास आहे, आणि तेव्हाचा कॉम्प्रेशनचा आकडा मॅन्युअलमधल्या २५० आरपीएमच्या मर्यादेशी थेट ताडायचा नाही. वेगाप्रमाणे दुरुस्ती कशी करायची याचा आलेख आरएक्स-८ च्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला आहे. उंचीही धरा: डेन्व्हरसारख्या १,६०० मीटरवरच्या गावात हवेचाच दाब समुद्रसपाटीपेक्षा सतरा-अठरा टक्के कमी असतो, पुण्यासारख्या ५६० मीटरवर सहा टक्क्यांच्या आसपास.

एफसी-एफडीसाठी २५० आरपीएमला किमान ६.० किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि कप्प्याकप्प्यांतला फरक १.५ पेक्षा जास्त नको. रेनेसिससाठी नव्याचा आकडा ८.५, किमान ६.९, एकाच रोटरच्या कप्प्यांत फरक १.५ आणि दोन रोटरांत १.० पर्यंत. किमान मर्यादेवर जेमतेम असलेलं इंजिन गरम सुरू होताना त्रास देणारच. घरून बांधून निघालेलं इंजिन रुळल्यावर ७.५ च्या वर असावं अशी अपेक्षा ठेवा.

सहा आकडे काय सांगतात

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि इथेच घाई होते. आकडे नुसते कमी आहेत की जास्त, यापेक्षा ते कोणत्या मांडणीत कमी आहेत हे बघा.

समजा पुढचा रोटर ७.६, ७.५, ७.७ आणि मागचा ७.४, ५.२, ५.४. मागच्याचे दोन कप्पे पडलेत, एक शाबूत आहे. रोटरच्या त्रिकोणात कोणतेही दोन कप्पे घेतले तरी त्यांच्यामध्ये एकच टोक असतं, आणि त्या टोकावरचा एपेक्स सील दोन्ही कप्प्यांची सामायिक भिंत असतो. दोन कप्पे एकदम पडले म्हणजे त्या टोकाकडे बोट: एपेक्स सील अडकलेला किंवा तुटलेला, त्याचा छोटा त्रिकोणी तुकडा जागेवरून सरकलेला, स्प्रिंग उलटी बसलेली, किंवा एपेक्स आणि साइड सीलच्या सांध्यावरचा कॉर्नर सील.

७.५, ५.३, ७.४ अशी मांडणी असेल, म्हणजे एकच कप्पा पडला असेल, तर एपेक्स सील निर्दोष. एका कप्प्याची स्वतःची खाजगी भिंत म्हणजे रोटरच्या दोन्ही बाजूंचे त्याचे साइड सील. त्यातला एखादा कार्बनमध्ये अडकलाय, तुटलाय किंवा त्याच्या टोकाशी फट जास्त राहिलीय. रेनेसिसमध्ये एक्झॉस्टचं तोंड बिडाच्या साइड प्लेटमध्येच असल्यामुळे साइड सील कार्बन धरून अडकण्याचं प्रमाण जास्त आहे.

एका रोटरचे तिन्ही कप्पे सारखेच कमी, ५.८, ५.७, ५.९, आणि दुसरा रोटर चांगला. तीन एपेक्स सील किंवा सहा साइड सील एकाच मापाने योगायोगाने खराब होत नाहीत. तिन्ही कप्पे ज्यावर घासतात ती सामायिक वस्तू बघा: त्या रोटरचं हाउसिंग आणि त्याच्या दोन बाजूंच्या प्लेट. घरच्या रिबिल्डमध्ये हीच मांडणी सगळ्यात जास्त दिसते, आणि नवा सील संच घालून ती कधीच सुटत नाही.

सहाही सारखेच कमी असतील तर उघडण्याआधी सेल्फचा वेग, थ्रॉटल, उंची आणि फ्लड पुन्हा तपासा. इंजिन नुकतंच बांधलं असेल तर सील रुळायचे बाकी असू शकतात. हे सगळं ठीक निघालं तर एक मोठा संशयित असा: बांधणाऱ्याने बाराही साइड सील सारख्याच मोठ्या फटीने कापलेत.

उघडल्यावर काय मोजायचं

एपेक्स सील सहा, कॉर्नर सील बारा, साइड सील बारा. प्रत्येक जागेला क्रमांक द्या आणि निघालेला सील त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवा. हे केलं नाही तर वरच्या आकड्यांचा संबंध सुट्या भागांशी जोडता येत नाही, आणि मोजमापाची सगळी मेहनत वाया जाते.

साइड सीलची टोकाकडची फट ०.०५ ते ०.१५ मिमी हवी. मॅन्युअलची मर्यादा ०.४० आहे, पण ०.४० वर बांधलेलं इंजिन गरम सुरू होईल अशी आशा धरू नका. ०.०५ चं लक्ष्य ठेवा. दोन्ही कॉर्नर सील आपापल्या भोकात बसवा, साइड सील खाचेत ठेवून एका कॉर्नर सीलला टेकवा आणि दुसऱ्या टोकाशी फिलर गेज घाला. टोक घासताना कॉर्नर सीलच्या गोलाईला जुळणारा आकार राखा. सरळ घासलं तर गेज मधोमध ०.०५ दाखवतं आणि वरखाली त्याच्या दुप्पट फट राहते. बारीक कानशीने दोन-तीन हात, मग पुन्हा माप. ०.०५ पेक्षा कमीही नको, कारण गरम झाल्यावर सील दोन कॉर्नरांत अडकतो आणि प्लेट ओरबाडतो. आयते कापलेले सील घेतले तरी बाराही जागी मोजा. रोटरचं भोक झिजलेलं असेल तर आयतं माप तिथे चालत नाही.

फट बरोबर असून सील जड हलत असेल तर खाच बघा. कार्बन विरघळवणाऱ्या द्रावणात रोटर रात्रभर भिजवा. पात्याने खरवडू नका. सील आणि खाच यांतली मोकळीक साइड सीलला ०.१० मिमी आणि एपेक्स सीलला ०.१५ मिमीच्या वर गेली की रोटर बदलायचा. स्प्रिंग घालून बसवलेला साइड सील आणि कॉर्नर सील पृष्ठभागापासून किमान ०.५ मिमी वर उभे राहायला हवेत आणि बोटाने दाबून सोडल्यावर टुणकन परत यायला हवेत. जुन्या स्प्रिंग परत वापरून वाचणारे पैसे फार थोडे असतात.

बिडाच्या प्लेटवर साइड सीलच्या वाटेने पायरी पडते. डायल गेज आडवं फिरवा: ०.१० मिमीपेक्षा खोल असेल तर प्लेट बाद किंवा लॅपिंगला. पट्टी आणि फिलर गेजने वाक तपासा, मर्यादा ०.०४ मिमी. लॅपिंग घरी काचेवर पॉलिश पेपर लावून होत नाही, सपाटपणा जातो. मशीन शॉपला देताना नायट्रायडिंगचा कठीण थर निघून जाईल का आणि तो परत चढवून मिळेल का, हे आधी विचारा. थर नसलेली प्लेट लवकर झिजते आणि तीच तक्रार परत येते.

रोटर हाउसिंगच्या आतल्या क्रोमवरून नख फिरवा. कडेला, विशेषतः प्लगच्या भोकांच्या आसपास, क्रोम उडून खालचा धातू दिसत असेल तर ते हाउसिंग वापरू नका. आडव्या लाटांसारख्या खुणाही बघा. १९६० च्या दशकात हिरोशिमात केनिची यामामोतो यांच्या गटाला माझदाचं पहिलं रोटरी बनवताना याच खुणांनी छळलं होतं. त्यांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटलं. मायक्रोमीटरने हाउसिंगची रुंदी परिघावर अनेक ठिकाणी मोजा, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत ०.०६ मिमीपेक्षा जास्त फरक नको. क्रोम उडालेलं हाउसिंग घासून, पॉलिश करून सुधारत नाही. सगळ्यात महाग सुटा भाग हाच, आणि बहुतेक अंदाजपत्रकं इथेच कात्री लावतात. त्यापेक्षा नवं हाउसिंग परवडेपर्यंत इंजिन सुटं ठेवलेलं बरं.

बांधताना एपेक्स सीलचा छोटा तुकडा व्हॅसलीनने किंवा सुपरग्लूच्या बारीक ठिपक्याने धरून ठेवा. गोंद पहिल्याच तापण्यात जळून जातो. टेन्शन बोल्ट (हाउसिंग आणि प्लेट एकत्र आवळणारे लांब बोल्ट) मॅन्युअलच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, ३२ ते ३९ न्यूटन मीटरपर्यंत कसा. प्रत्येक टप्प्यानंतर शाफ्ट हाताने फिरवून बघा.

बांधल्यानंतर

पहिल्या सुरुवातीला इंजिन हट्ट करतंच. फ्लड झालं तर पेट्रोल तोडा (आरएक्स-८ वर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात), लीडिंग प्लग काढून १० सेकंद सेल्फ मारा, मिनिटभर सेल्फला विश्रांती द्या, प्रत्येक भोकात ५ ते १० मिली ऑइल टाका, कोरडे प्लग लावा आणि पुन्हा प्रयत्न करा. ओल्या प्लगवर सेल्फ मारत राहिल्याने नवे सील कोरडे घासले जातात.

पहिले १,५०० किमी ४,००० आरपीएमच्या आत, वेग सतत बदलता ठेवून चालवा. पेट्रोलमध्ये दर लिटरला ५ मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळा. ऑइल मीटरिंग पंपाच्या (सीलना ऑइल पुरवणाऱ्या पंपाच्या) नळ्या चोंदलेल्या असतील तर हेच सीलला वाचवतं. या काळात गरम सुरुवात थोडी लांबली तर घाबरून उघडू नका, आकडे वाढतायत का ते बघा. ५०० किमीला एकदा आणि १,५०० ला एकदा, गरम इंजिनावर, त्याच बॅटरीने, त्याच गेजने मोजा. आकडे वेगासकट लिहा. दुसऱ्या वेळचे आकडे पहिल्यापेक्षा वर नसतील, किंवा एखादाच कप्पा मागे राहिला असेल, तर त्या कप्प्याच्या साइड सीलच्या फटीची नोंद वहीतून काढा आणि तिथूनच तपासणी सुरू करा.